एकाच ओंडक्याचं घनफळ दोन साइटवर वेगवेगळं का येतं?

प्रश्न: वादळात आमचं एक मोठं झाड पडलं, त्यातला एक सरळ ओंडका विकायचाय. घेर १.२ मीटर, लांबी ३ मीटर. एका वेबसाइटवर घनफळ ०.२७ घनमीटर दाखवतंय, दुसरीवर ०.३४. खरं कुठलं?

उत्तर: गणित दोन्हीकडे बरोबर आहे, पद्धत वेगळी आहे आणि ती कुठली हे त्या साइटनी स्पष्ट लिहिलेलं नसतं, माझी तक्रार तीच आहे. पहिल्या साइटने घेराचा पाव हिस्सा म्हणजे ०.३ घेतला, त्याचा वर्ग केला आणि ३ ने गुणलं. ही जुनी क्वार्टर गर्थ पद्धत, हिलाच हॉपस म्हणतात. गोल लाकूड चौकोनी कापताना जे वाया जातं ते हिच्यात आधीच वजा झाल्यासारखं होतं, म्हणून आकडा खऱ्या घनफळाच्या साधारण ७८.५ टक्केच येतो. दुसऱ्या साइटने घेराचा वर्ग १२.५७ ने (म्हणजे ४ × π) भागला आणि लांबीने गुणलं, ते खरं गोल घनफळ.

म्हणून भाव ठरवायच्या आधी घेणाऱ्याला विचाराच, की तुमचा दर कुठल्या घनफळावर आहे? दर खऱ्या घनमीटरचा आणि मोजणी क्वार्टर गर्थची असं झालं तर पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त लाकूड फुकट गेलं समजा. आणि एक, घेर तुम्ही कुठे मोजलाय? दोन्ही सूत्रांना ओंडक्याच्या मधोमधचा घेर लागतो, बुंध्याकडच्या जाड टोकाला टेप लावला असेल तर दोन्ही आकडे फुगलेले आहेत, आणि सालीवरून मोजलं असेल तर सालही लाकडात धरली गेलीये. हे कॅल्क्युलेटरला कळत नाही, तो टाकलेल्या आकड्यावर विश्वास ठेवतो. वाहतुकीची परवानगी लागते का ते मात्र जवळच्या वनखात्याच्या ऑफिसातच विचारा, नेटवरचे नियम कधीचे आणि कुठले असतील सांगता येत नाही.

प्रश्न: एका स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तिकेत लिहिलंय फांदी खोडाला लागून एकदम सपाट कापा आणि वर डांबर लावा. व्हिडिओत बरोबर उलटं सांगतात. कोणाचं ऐकू?

उत्तर: इथे व्हिडिओवाल्यांचं ऐका. पुस्तिका त्या काळी प्रामाणिकपणेच लिहिलेली असणार, पण नंतर समज बदलली. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी १९७० आणि ८० च्या दशकांत कितीतरी झाडं उभी चिरून आतलं लाकूड बघितलं, तेव्हा दिसलं की झाड जखम आपल्या त्वचेसारखी भरून काढत नाही, तर कुजलेला भाग आतून कोंडून टाकतं आणि बाहेरून नवीन लाकूड चढवतं. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, बोट फिरवलंत की हाताला लागेल, ते कापलं की ही कोंडायची ताकदच तोडली जाते. कडं राखून त्याच्या जरा बाहेर कापा, लांब खुंटही ठेवू नका. डांबराने किंवा पेंटने कूज थांबत नाही. (काही ठिकाणी एखाद्या विशिष्ट रोगासाठी जखम झाकायला सांगतात, तिथे स्थानिक सल्ला घ्या.) पीडीएफ उघडली की आधी छपाईचं वर्ष शोधा, अपलोडची तारीख बघून फसायला होतं.

प्रश्न: बुंध्यावर कडक, फळीसारखी बाहेर आलेली बुरशी आलीये. फोटो टाकल्यावर अ‍ॅपने नाव सांगितलं. झाड पडेल का?

उत्तर: अ‍ॅप फोटोतल्या साम्यावरून नाव सुचवतं, आत किती लाकूड शिल्लक आहे ते फोटोत नसतंच. बुंध्यावरची अशी बुरशी बऱ्याचदा आतल्या कुजीची खूण असते, म्हणून मी फोटोवरून 'काही होत नाही' असंही म्हणणार नाही. झाडाखालून लोक जात असतील तर आजच रस्ता बंद करा, मुलांना लांब ठेवा आणि झाडांची तपासणी करणाऱ्या जाणकाराला जागेवर बोलवा. तो बुंधा ठोकून ऐकेल, मुळांजवळची माती उकरून बघेल. फोटो आणि अ‍ॅपने दिलेलं नाव त्यालाही दाखवा, उपयोगी पडेल.