सोनोग्राफी नॉर्मल, मग दुखतंय कशानं?

प्रश्न: ताई, माझं वय 26. पाळीचे पहिले दोन दिवस गरम पाण्याची पिशवी घेऊन, पाय पोटाशी धरून पडून असते, कधी उलटीपण होते. वर्षभरापासून त्या दिवसांत शौचाला बसलं की आत सुरी फिरवल्यासारखी कळ येते. सोनोग्राफी नॉर्मल आली. आई म्हणते, मलाही असंच व्हायचं, मूल झालं की थांबतं. खरंच?

उत्तर: आई धीर द्यायला म्हणते गं, पण तिचं "मलाही असंच व्हायचं" डॉक्टरांना आधी सांग, कारण आईला किंवा बहिणीला एंडोमेट्रिओसिस असेल तर आपल्यालाही असण्याची शक्यता वाढते. तुझी लक्षणं तिकडेच बोट दाखवतात, विशेषतः ती शौचाची कळ. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो, ओव्हरीवर, ट्यूबवर, आतड्यावर, लघवीच्या पिशवीवर, आणि पाळीच्या हार्मोन्सनी तोही सुजतो, त्यातूनही रक्त येतं पण जायला वाट नाही, मग आत दाह होतो आणि अवयव एकमेकांना चिकटतात. साधारण 10 पैकी 1 बाईला हे असतं, तरी निदानाला वर्षानुवर्षं लागतात, कारण "पाळीत दुखणारच" म्हणून सगळे गप्प!

सोनोग्राफीत ओव्हरीतली चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्तानं भरलेली गाठ) दिसते, या थराचे बारीक डाग बहुतेकदा दिसत नाहीत. म्हणजे नॉर्मल रिपोर्टनी हा आजार नाही असं ठरत नाही. पूर्वी पोटात दुर्बीण घालून बघितल्याशिवाय निदान नाही असं होतं, आता 2022 च्या युरोपियन गाइडलाइननुसार लक्षणांवरूनही औषध सुरू करता येतं, हार्मोनच्या गोळ्या वगैरे (त्या चालू असताना सहसा दिवस राहत नाहीत, तसा विचार असेल तर आधीच बोल).

गरोदरपणात पाळी नसते म्हणून बऱ्याच जणींना बरं वाटतं, पण तो इलाज नाही, दुखणं परत येऊ शकतं.

आता मोबाईलमध्ये लिहायला लाग, "दुसरा दिवस, दुखणं 10 पैकी 8, दोन गोळ्या, ऑफिस बुडलं, शौचाला कळ" असं. संबंधांच्या वेळी किंवा लघवीला दुखलं, पोट फुगलं, फार थकवा आला तर तेही. नुसतं "खूप दुखतं" म्हटलं की पेनकिलर मिळते, ही यादी पुढे ठेवली की डॉक्टर नीट विचारायला लागतात. अपॉइंटमेंट मात्र आत्ताच घे, यादी भरायची वाट बघू नकोस, आणि अचानक असह्य दुखलं, ताप किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठ.