वाचक विचारतात: युरेनियमच्या कारखान्यावर पक्षी बघायला जावं का?

प्रश्न: मुलगा अमेरिकेत सिनसिनाटीला असतो, मी नि सौ. सहा महिने तिकडेच होतो. तिथे जवळ फर्नाल्ड म्हणून जागा आहे, गवताळ माळ, तळी, पक्षी भरपूर. नातवाला घेऊन तीनदा गेलो आणि मग कळलं की तिथे आधी युरेनियमचा कारखाना होता! सूनबाई म्हणते काही होत नाही बाबा, सगळं साफ केलंय. पण युरेनियम साफ करतात म्हणजे नेमकं काय करतात हो? तो माल गेला कुठे? – एक वाचक, नाशिक

उत्तर: काका, आधी टेन्शन सोडा, पायवाटेवरून तीन चकरा मारल्या तर काही होत नाही, नातवालाही नाही. पण सूनबाईंचं 'सगळं साफ' हे अर्धंच खरं आहे.

गंमत बघा, 1951 ला तो कारखाना उभा राहिला तेव्हा नाव काय दिलं तर 'फीड मटेरियल्स प्रॉडक्शन सेंटर' (इंग्रजीत 'फीड' म्हणजे जनावरांचं खाद्यही), त्यात पाण्याच्या टाकीवर तिकडच्या एका पशुखाद्य कंपनीच्या खुणेसारखे लाल-पांढरे चौकडे, त्यामुळे आसपासच्या बऱ्याच लोकांना वाटायचं इथे गुराढोरांचं खाद्य बनतं! बनत होतं अण्वस्त्रांच्या कार्यक्रमासाठी लागणारं युरेनियम. 1984 ला तिथून युरेनियमची धूळ बाहेर उडाल्याचं उघड झालं, विहिरींचं पाणीही बिघडलेलं, लोक कोर्टात गेले आणि 1989 ला 7.8 कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्याच वर्षी उत्पादन बंद.

बंद केला तेव्हा आत तयार नि अर्धवट माल होता 3.1 कोटी पौंड, म्हणजे साधारण 14 हजार टन. आता हे सांभाळायचं कसं? युरेनियमचे अल्फा किरण तर आपली कातडीसुद्धा अडवते, खरी भीती त्याची धूळ नाकातोंडातून पोटात जायची, कारण मग ते किडनीला आणि फुप्फुसाला बाधतं. शिवाय या धातूचा बारीक कीस आपोआप पेट घेऊ शकतो. म्हणून बंद पिंपात, कोरड्या जागी, गंज नि गळती तपासत ठेवावं लागतं. तो माल पुढे काही विकला, काही दुसऱ्या सरकारी ठिकाणी हलवला.

डोक्याला खरा ताप दिला तो काँक्रीटच्या दोन टाक्यांनी. बेल्जियन काँगो म्हणजे आफ्रिकेतली तेव्हाची बेल्जियमची वसाहत, तिथल्या खनिजातून युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला चोथा त्यात भरलेला, आणि त्या चोथ्यात रेडियम, त्यातून रेडॉन हा किरणोत्सारी वायू सतत निघणार. टाक्या जुन्या झाल्या तसा बाहेरून मातीचा भराव घालून त्यांना आधार दिला होता! शेवटी तो चोथा पाण्याच्या जोराने बाहेर काढला, सिमेंट नि राखेत कालवला, स्टीलच्या डब्यांत भरून ट्रकने टेक्सासला पाठवला.

बाकी पाडकामाचा राडारोडा आणि माती? काही बाहेर गेली, पण बरीचशी तिथेच आहे काका. तुम्हाला ती कुंपणातली लांबलचक गवताळ टेकडी दिसली असेल ना, तीच. खाली-वर चिकणमाती नि प्लास्टिकचे थर, झिरपलेलं पाणी गोळा करायला नळ्या, आणि झाकणात मोठ्या दगडांचा एक थर मुद्दाम, बिळं करणाऱ्या प्राण्यांनी खाली उकरू नये म्हणून. (हे ज्याला सुचलं त्याच्या घरी नक्की घुशी असणार.)

2006 ला साफसफाई पूर्ण झाल्याचं जाहीर केलं, खर्च 440 कोटी डॉलर. पण जमिनीखालचं पाणी उपसून शुद्ध करायचं काम त्यानंतरही चालूच राहिलं, एका लिटरमागे युरेनियम 30 मायक्रोग्रॅमच्या खाली यायला हवं म्हणून. तिथे घर बांधायचं नाही, शेती नाही, विहीर नाही. युरेनियम-238 ला अर्धं व्हायला साडेचारशे कोटी वर्षं लागतात, तेव्हा राखणदार कायमचा.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, आपल्याकडेही अणुवीज विकताना युनिटमागे 2 पैसे प्रकल्प पुढे मोडण्यासाठी बाजूला काढतात. तारापूरचे पहिले दोन संच 1969 चे, तेव्हा हा खर्च आपल्याही दारात येणारच आहे. 2 पैशांत भागेल का? मला शंका आहे.

पुढच्या वेळी दुर्बीण घेऊन खुशाल जा, फक्त पायवाट सोडू नका आणि नातवाला माती उकरू देऊ नका.