चप्पल ऑनलाईन विकताय? आधी भाव नीट बसवा

भावा, पहिल्यांदा शेजारच्या विक्रेत्याचा भाव बघून पन्नास रुपये कमी लावायचं सोड. तो कसा परवडवतो ते तुला दिसत नाही.

आधी कागदावर मांड. समजा, कोल्हापुरी जोड ६०० ला पडला, खोका-टेप ३०, कुरिअर ९०, परताव्यापोटी दर जोडामागं ४०. झाले ७६०. विक्रीच्या साइटचं कमिशन १५ टक्के आणि तुला नफा १५ टक्के हवा, म्हणून नवखे ७६० वर ३० टक्के चढवतात आणि ९८८ लावतात. इथंच गणित फसतं! कमिशन विक्रीच्या किमतीवर कापलं जातं: ९८८ चे १४८ गेले, हातात ८० उरले. म्हणजे नफा जेमतेम ८ टक्के. बरोबर रीत अशी: किमतीच्या १०० टक्क्यांतून कमिशन आणि नफ्याचे ३० गेले, उरलेल्या ७० टक्क्यांत खर्च बसायला हवा; म्हणून ७६० भागिले ०.७०, म्हणजे १०८६. जीएसटी त्यावर वेगळा धर.

बाकी सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- खोका मोजून घे. लांबी × रुंदी × उंची (सेंटिमीटर) भागिले ५०००, हे बहुतेक कुरिअरवाल्यांचं आकारमानी वजन. ३२×२२×१२ चा खोका १.७ किलो धरला जातो, आत चप्पल किती का हलकी असेना.
- तळव्याची लांबी सेंटिमीटरमध्ये लिही. मापाच्या घोळानं जोड परत आला की दोन्ही वेळचं भाडं अंगावर येऊ शकतं.
- सेलमध्ये उतरण्याआधी तुझा तळाचा भाव ठरव. वरच्या उदाहरणात नफा शून्य धरला तर फक्त कमिशन वजा होतं: ७६० भागिले ०.८५, म्हणजे तो ८९५.

जाहिरातीचा खर्च, कूपन वगैरे नंतर. आधी वीसेक जोड जाऊ देत.