मॅनेजरचं टार्गेट, पण फॉर्मवर नाव तुमचं

प्रिय वाचक,

तुमचं पत्र वाचलं. बँकेत मुदत संपलेली एफडी पुन्हा ठेवायला आलेल्या निवृत्त शिक्षिकेच्या गळ्यात तुम्ही, मॅनेजरच्या सांगण्यावरून, विमा पॉलिसी मारलीत. दरवर्षी हप्ता भरायचा आहे हे बाईंना कळलंच नाही. विमा कंपनीचा खातरजमेचा फोन आला तेव्हा ‘सगळ्याला हो म्हणा’ असं तुम्हीच शेजारी बसून सांगितलंत. आता झोप लागत नाही. घराचं कर्ज आहे, म्हणून बायको म्हणते मार्चपर्यंत गप्प राहा.

नोकरीचं मार्चनंतर बघता येईल, बाईंच्या पैशांचं नाही. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत, फ्री लूकच्या मुदतीत, ती परत करता येते आणि नियमानुसार थोडी वजावट होऊन पैसे मिळतात. तुम्ही तारीख लिहिलेली नाही, म्हणून आधी ती बघा आणि बाईंकडे जा. काय घडलं ते खरं सांगा, अर्ज लिहायला मदत करा, पोच घ्यायला लावा. मुदत उलटली असेल तर कंपनीकडे लेखी तक्रार, आणि तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विमा ग्राहकांच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी. त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुण्यात आहेत. फी नाही, वकीलही लागत नाही. बाई रागावतील. तो त्यांचा हक्क आहे.

‘सगळेच करतात’ असं मॅनेजर म्हणतात. पण बँकेतून विमा विकणाऱ्याचं नाव आणि कोड प्रपोजल फॉर्मवर असतो. उद्या चौकशी झाली तर तोंडी हुकूम कुणालाच आठवणार नाही. यापुढे असं काही सांगितलं, तर ‘कृपया मेलवर कळवा’ म्हणा. बहुतेकदा मेल येतच नाही.

विमा विकणं वाईट नाही. कर्ज डोक्यावर असलेल्या कमावत्या माणसाला टर्म पॉलिसी, म्हणजे माणूस गेल्यास घरच्यांना पैसे देणारा साधा विमा द्या, अगदी आग्रहाने द्या. म्हातारपणाची पुंजी मात्र अडकवणार नाही, हे मॅनेजरना शांतपणे, एकदाच सांगा. टार्गेट हुकेल, कदाचित बदलीही होईल. हे तुम्हाला परवडेल की नाही ते मी इथे बसून ठरवणार नाही. दुसरी नोकरी आजपासून शोधा, पण हातात ऑफर आल्याशिवाय राजीनामा नको. नोटीस पीरियड पूर्ण करा, रिलीव्हिंग लेटर घ्या.

बायकोची भीती खरी आहे, तिला उडवून लावू नका. तिला फॉर्मवरचं तुमचं नाव दाखवा आणि घराच्या कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब दोघांनी मिळून मांडा.

तुमची ताई