लाडक्या गायकाचा कार्यक्रम आम्ही सहा मित्र पाहणार आहोत. अगदी पुढची जागा मिळवायला किती तास आधी पोचावं?

मोकळं मैदान आणि उभ्यानं पाहायचं तिकीट, असं धरून लिहितो.

आधी मला सांगा, पुढे कशाला? माझं मित्रांशी वर्षानुवर्षं भांडण आहे ते याच मुद्द्यावर. ‘स्टेजला खेटून उभं राहिल्याशिवाय मजा नाही’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी कार्यक्रम पाहिलेला असतो, ऐकलेला नसतो.

मोठ्या कार्यक्रमात मुख्य स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंचावर टांगतात. एकाखाली एक खोके, वरून सरळ आणि खाली आत वळत गेलेली माळ. वरचे खोके लांबच्यांसाठी, खालचे जवळच्यांसाठी. तरीही पहिल्या काही रांगा या माऱ्याच्या खालीच राहतात. त्यांची सोय म्हणून स्टेजच्या कडेला छोटे स्पीकर ठेवतात, पण तोवर ड्रमचा खराखुरा दणका आणि गिटारच्या अ‍ॅम्पचा आवाज थेट अंगावर आलेला असतो. ज्या अ‍ॅम्पसमोर तुम्ही उभे, तीच गिटार रात्रभर. खर्जाचे स्पीकर बहुतेक वेळा तिथेच जमिनीवर असतात, ते छातीत बुक्के मारतात. गाण्याचे शब्द शेजारी बोंबलणाऱ्याच्या तोंडून कळतात.

आवाज जुळवणारा माणूस बसतो मैदानाच्या साधारण मध्यावर, मिक्सरपाशी, म्हणजे सगळे आवाज कमी-जास्त करायच्या यंत्रापाशी. गळा किती वर, कीबोर्ड किती खाली, हे तो त्याच्या कानांना काय ऐकू येतं त्यावर ठरवतो. म्हणजे कार्यक्रम जिथे बसून बांधतात ती जागा सोडून लोक कोपरं मारत पुढे जातात!

तेव्हा मिक्सरच्या पुढे तीन-चार मीटरवर उभे राहा. मागे नको, कारण मिक्सरच्या तंबूचे खांब आणि चौथरा आडवे येतात. अगदी मध्यरेषेवरही नको. खर्जाचे स्पीकर डाव्या-उजव्या अशा दोन ढिगांत असतील तर मधल्या पट्ट्यात खर्ज फुगतो आणि थोडं बाजूला गेलं की एकदम पडतो. हे तपासायचं ते मुख्य कलाकाराच्या आधी जो कोणी गात असतो त्याच्या वेळेला. पाच-सहा पावलं आडवं चाला आणि फक्त बेसकडे, म्हणजे खर्जातल्या गिटारकडे, कान द्या. जिथे बेसचे सूर वेगवेगळे कळतात, नुसती घरघर नाही, तिथे थांबा. पहिल्या गाण्यावरून मत बनवू नका. रिकाम्या मैदानात जुळवलेला आवाज माणसं भरली की बदलतो, आणि दोन-तीन गाणी त्यातच जातात.

फार मागेही जाऊ नका. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ३० मीटरवर उशीर सेकंदाच्या अकराव्या-बाराव्या भागाइतका, तो खपून जातो. १०० मीटरवर मात्र काठी ड्रमवर पडलेली दिसते आणि ठोका नंतर येतो. मागे जादा स्पीकरचे मनोरे असतील तर त्यांचा आवाज मुद्दाम तेवढा उशिरा सोडलेला असतो, तरी मनोऱ्याला चिकटून उभं राहणं वाईटच.

सहा जणांसाठी मिक्सरचा दुसरा फायदा म्हणजे खूण. गर्दीत इंटरनेट झोपतं आणि ‘कुठे आहेस’ हा मेसेज कार्यक्रम संपल्यावर पोचतो. म्हणून जागा आधीच ठरवा, आणि ‘स्टेजच्या डावीकडे’ असं मोघम नको. कलाकाराचं डावं ते तुमचं उजवं. ‘स्टेजकडे तोंड केल्यावर मिक्सरचा उजवा पुढचा कोपरा’ असं पूर्ण सांगा. तिकिटं सगळी एकाच्या फोनवर ठेवू नका. त्याची बॅटरी गेली की सहाही जण दाराबाहेर. काही तिकिटांचा बारकोड थोड्या थोड्या वेळानं बदलतो, तिथे स्क्रीनशॉट चालत नाही. ज्याचं तिकीट त्याच्या फोनवर आदल्या दिवशीच पाठवा.

कानात बोळे घाला. यावर चर्चा नको. ८५ डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला हिशेब १५ मिनिटांवर येतो, आणि कार्यक्रम दोन तासांचा. फोमचे बोळे वरच्या पट्टीचा आवाज जास्त कापतात, म्हणून गाणं गोधडीआडून आल्यासारखं वाटतं. संगीतासाठीचे मिळतात ते सगळा आवाज साधारण सारखाच खाली आणतात. फोमचेच असतील तर बारीक वळा, दुसऱ्या हातानं डोक्यावरून कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं दाबून धरा. बहुतेक लोक नुसते कानाच्या तोंडाशी खोचतात आणि उपयोग नाही म्हणतात.

आता तुमचा प्रश्न. स्टेजसमोरच्या कठड्याला सहा जण ओळीनं उभे राहायचे तर तीन मीटर कठडा लागतो. तो दार उघडण्याच्या बरेच तास आधी रांग लावणाऱ्यांनाच मिळतो, तेही सहाही जण रांगेत असतील तर. एकदा स्वच्छतागृहाकडे गेलात की जागा गेली. मिक्सरपाशी दार उघडल्यावर निवांत आलात तरी चालतं.

उंची कमी असेल किंवा बोटं तारांवर कशी फिरतात तेच पाहायचं असेल, तर पुढे जा, माझी हरकत नाही. पण चौरस मीटरला चार माणसांपर्यंत ठीक, सहा-सात झाली की गर्दी पाण्यासारखी हलते आणि कुणाच्याच हातात काही राहत नाही. हात चेहऱ्यापर्यंत नेता येत नसेल तर निघायची वेळ झाली. मुठी छातीसमोर धरा, रेट्याला उलटं ढकलू नका, तो ओसरला की तिरकं तिरकं बाहेर सरका. फोन पडला तर वाकू नका. आणि हे सगळं मोठ्या जागेचं. दोनशे माणसांच्या खोलीत मिक्सर बऱ्याचदा मागच्या भिंतीला असतो आणि भिंतीपाशी खर्ज साठतो, तिथे चार पावलं पुढेच बरं.

सहातले दोघं तरी पुढे जायचा हट्ट धरतीलच. जाऊ द्या. मिक्सरचा उजवा पुढचा कोपरा सांगून ठेवा. चौथ्या गाण्यापर्यंत येतात.