क्लेप की डीएसएसटी? अर्धवट बी.कॉम.वरून अमेरिकेतली पदवी कमी खर्चात कशी पूर्ण करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत एच-फोर व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबीयांना मिळतो तो) आहात, पुणे विद्यापीठाचं एस.वाय. बी.कॉम. झालंय, टी.वाय. राहून गेलं. परीक्षा देऊन कॉलेजचे क्रेडिट (पदवीसाठी अभ्यास मोजायची एककं) मिळतात असं कळलंय, तर क्लेप द्यावी की डीएसएसटी, आणि कुठल्या विषयापासून सुरुवात करावी?

विषयापासून सुरुवात करू नका, एवढंच मी आधी सांगेन. या वाटेवर पैसे वाया जातात ते नापास झाल्याने कमी आणि पास झालेली परीक्षा पदवीत कुठेच न बसल्याने जास्त. पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात, पण ते कुठलेही १२० चालत नाहीत. इंग्रजी लेखन, गणित, विज्ञान, मानव्यविद्या, मुख्य विषय असे कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा वेगळा भरावा लागतो. सोपे म्हणून दिलेले तीन-चार पेपर एकाच इलेक्टिव्हच्या, म्हणजे ऐच्छिक विषयांच्या, कप्प्यात जाऊन पडले आणि तो आधीच भरलेला असला, तर ते क्रेडिट मिळूनही उपयोग शून्य.

म्हणून पहिलं काम कॉलेज ठरवण्याचं. बाहेरचे क्रेडिट सढळ हाताने घेणारी तीन नावं या क्षेत्रात कायम घेतली जातात: ट्रेंटनची थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी (म्हणजे तुमच्याच राज्यातली), न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीची एक्सेल्सियर आणि कनेक्टिकटमधलं चार्टर ओक स्टेट कॉलेज. तिन्ही १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नोकरदार, प्रौढ विद्यार्थ्यांसाठीच निघाली आणि तिन्हींना प्रादेशिक मान्यता (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची) आहे. ही मान्यता नसलेल्या कॉलेजची पदवी फुकट मिळाली तरी घेऊ नका. फीचं पान वाचताना ‘रेसिडेन्सी’ हा शब्द शोधा. इथे त्याचा राहण्याशी संबंध नाही. त्यांच्याकडचे किमान किती क्रेडिट घ्यायचे आणि कमी घेतले तर किती भुर्दंड, ते तिथे कळतं. शेवटचा कॅपस्टोन, म्हणजे समारोपाचा, कोर्स तर त्यांच्याकडेच करावा लागतो. त्याचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा.

दुसरं काम मार्कशीटांचं. एफ.वाय. आणि एस.वाय.च्या गुणपत्रिकांचं मूल्यमापन करून घ्या, तेही ‘कोर्स-बाय-कोर्स’. साधा ‘डॉक्युमेंट’ अहवाल स्वस्त पडतो, पण त्यात विषयवार क्रेडिट नसतात, त्यामुळे कॉलेजच्या दृष्टीने तो निरुपयोगी. वेससारख्या (वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस) मूल्यमापन करणाऱ्या कुठल्या संस्थांचे अहवाल चालतात ते कॉलेजलाच विचारा. पुण्याहून ट्रान्स्क्रिप्ट थेट विद्यापीठाकडून जावं लागतं. घरी आलेलं पाकीट फोडून पुढे पाठवलं तर बाद. आणि दोन वर्षांचे सरळ ६० क्रेडिट मिळतील हे गृहीत धरू नका.

या अहवालाआधी एकही परीक्षा देऊ नका, कारण क्रेडिट एका विषयाचं एकदाच मिळतं. एफ.वाय.ला फायनान्शियल अकौंटिंग आणि सूक्ष्म अर्थशास्त्र, एस.वाय.ला बिझनेस मॅनेजमेंट आणि स्थूल अर्थशास्त्र हे सगळं तुमचं झालेलं असणार. नेमके हेच विषय क्लेपमध्ये आहेत आणि बी.कॉम.वाल्यांना तेच सोपे वाटतात, म्हणून पहिल्यांदा तेच दिले जातात. अहवालात त्यांचे क्रेडिट आले असतील, तर दोनदा मोजणार नाहीत.

आता क्लेप की डीएसएसटी. क्लेप कॉलेज बोर्डाची, १९६७ पासूनची. ३४ विषय, बहुतेक पेपर दीड तासाचे, गुण २० ते ८०. शिफारस केलेला पासचा आकडा ५०, तरी काही कॉलेजं जास्त मागतात. फी शंभर डॉलरच्या आसपास, वर केंद्राची वेगळी. मॉडर्न स्टेट्स या संस्थेचा त्या विषयाचा मोफत ऑनलाइन कोर्स पूर्ण केला की परीक्षेच्या फीचं व्हाउचर मिळू शकतं. अटी आधी वाचून घ्या. परीक्षेच्या दिवशी निकाल एका कॉलेजला फुकट पाठवता येतो, तेव्हा कॉलेजचं नाव आधीच ठरलेलं हवं. नंतर ट्रान्स्क्रिप्टचे पैसे पडतात. नापास झालात तर तोच पेपर तीन महिने देता येत नाही, आणि त्याआधी दिलात तर निकाल रद्द होऊन फीही बुडते.

डीएसएसटीत पासचा आकडा ४००, पुन्हा बसायला ३० दिवस थांबायचं. तिचं खरं महत्त्व वेगळंच आहे. क्लेपचे क्रेडिट जवळजवळ सगळे ‘लोअर लेव्हल’चे, म्हणजे पहिल्या दोन वर्षांचे. पदवीला काही ‘अप्पर लेव्हल’ क्रेडिट लागतातच, आणि निव्वळ क्लेपवर निघालेली गाडी तिथे अडकते. डीएसएसटीच्या मनी अँड बँकिंग, प्रिन्सिपल्स ऑफ फायनान्स अशा काही पेपरांना वरच्या पातळीचे क्रेडिट आहेत. थॉमस एडिसन निवडलंत तर त्यांच्या स्वतःच्या टीईसीईपी परीक्षांतही तसे विषय सापडतील. म्हणजे दोन्ही लागतील: खालचे कप्पे क्लेपने, वरचे डीएसएसटी किंवा टीईसीईपीने.

तुमच्या बाबतीत माझ्या मते मोकळे कप्पे असे निघतील: इंग्रजी लेखन, विज्ञान, मानव्यविद्या, आणि बिझनेस लॉ, कारण तो तुमच्याकडे टी.वाय.ला होता. विज्ञानाला क्लेपचा नॅचरल सायन्सेस हा एकच पेपर ६ क्रेडिटचा आहे. प्रयोगशाळेची अट असेल तर तो पुरत नाही, हे मात्र तपासा. लेखनासाठी कॉलेज कॉम्पोझिशन घ्या, ‘मॉड्युलर’ नको. तो पुष्कळ ठिकाणी चालत नाही. कॉलेज कॉम्पोझिशनमध्ये वस्तुनिष्ठ प्रश्नांशिवाय दोन निबंध टाइप करायचे असतात, पहिला ३० मिनिटांत आणि दुसरा ४० मिनिटांत. दुसऱ्यात दिलेले दोन उतारे वापरून, त्यांचा उल्लेख करून मत मांडायचं असतं. आपल्या सवयीची ‘प्राचीन काळापासून मानव...’ छाप प्रस्तावना इथे फक्त वेळ खाते. पहिल्याच परिच्छेदात बाजू घ्या. निबंध माणसं तपासतात, त्यामुळे याचा निकाल लगेच लागत नाही.

बिझनेस लॉला जुन्या टी.वाय.च्या नोट्स काढाल तर फसाल. समजा, शेजाऱ्याने न सांगता तुमचं गळकं छप्पर दुरुस्त केलं आणि नंतर खूश होऊन तुम्ही त्याला ५०० डॉलर देईन म्हणालात. आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २५(२) प्रमाणे हे वचन बंधनकारक ठरू शकतं. अमेरिकी कॉमन लॉप्रमाणे (न्यायालयांच्या निकालांतून घडलेला कायदा) वचनाआधीच झालेलं काम हे त्या वचनाचा मोबदला धरत नाहीत, म्हणून सर्वसाधारणपणे ते बंधनकारक नाही. तसंच अल्पवयीनाच्या कराराचं: आपल्याकडे व्हॉइड (मुळातच रद्द), तिथे व्हॉइडेबल (अल्पवयीनाला हवा तर रद्द करता येणारा). क्लेपच्या या पेपरात ९० मिनिटांत सुमारे १०० प्रश्न असतात. थांबून ‘हे कुठलं बरं’ म्हणायला वेळ नसतो. भारतीय नोट्स बाजूला ठेवा आणि अमेरिकी पुस्तकातूनच वाचा.

हिंदी चांगलं येत असेल तर ॲक्टफल या परकीय भाषा शिक्षणातल्या अमेरिकी संस्थेच्या तोंडी परीक्षेनेही भाषेचे क्रेडिट मिळवता येतात. पण फॉर्मवर मातृभाषा काय लिहिता आणि कॉलेजचा त्याबद्दल नियम काय, हे आधी विचारा. सगळी विचारपूस ईमेलवर करा. ॲडव्हायझर बदलला की फोनवर दिलेला शब्द हवेत जातो.

आता पुढचं. या परीक्षांना ग्रेड नसते, नुसते क्रेडिट मिळतात. त्यामुळे तुमचा जीपीए (ग्रेडची सरासरी) कॅपस्टोन धरून मोजक्या कोर्सांवर ठरेल, आणि त्यातला एक ‘सी’ पुढे मास्टर्सच्या प्रवेशाला भारी पडू शकतो. सीपीए (अमेरिकेतलं सी.ए.) डोक्यात असेल तर राज्याच्या अकौंटन्सी बोर्डाला आधी विचारा, कारण परीक्षेतून मिळवलेले अकौंटिंगचे क्रेडिट सगळीकडे धरत नाहीत. आणि भारतात परतून सरकारी नोकरी किंवा पुढचं शिक्षण करायचा बेत असेल, तर घरबसल्या घेतलेल्या परदेशी पदवीला समकक्षता मिळणं अवघड असतं. तसं असल्यास पुण्याला टी.वाय. पूर्ण करण्याची मुदत अजून शिल्लक आहे का, हे या सगळ्याआधी पाहा.