उपवासाने गाठ उपाशी मरते का?

प्रश्न : आईला अंडाशयाचा कर्करोग आहे, तिसरा टप्पा. शस्त्रक्रिया झाली, आता दर ३ आठवड्यांनी पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही केमो चालू आहे. नातेवाईक म्हणतात, निर्जळी उपवास केला की ‘ऑटोफॅजी’ सुरू होते, पेशी आपली घाण आपणच खातात आणि गाठ विरघळते. या शोधाला नोबेलही मिळालंय म्हणे. (वाचक, सांगली)

उत्तर : नोबेल खरं आहे. २०१६ साली ते योशिनोरी ओसुमी यांना मिळालं. उपाशी ठेवलेली यीस्टची पेशी स्वतःचेच भाग मोडून कशी वापरते आणि त्याला कोणती जनुकं लागतात, हे त्यांनी शोधलं. उपवासाने गाठ विरघळते, असं त्यात कुठेही नाही.

पेशीतली मोडकी प्रथिनं, निकामी मायटोकॉन्ड्रिया (पेशीची ऊर्जाकेंद्रं) दुहेरी पडद्याच्या पिशवीत गुंडाळली जातात. ती पिशवी आम्लधर्मी लायसोसोमला, म्हणजे पेशीच्या पचनपिशवीला, जाऊन मिळते आणि आतला माल सुटा होऊन पुन्हा कामाला येतो. निरोगी पेशीत या साफसफाईमुळे कर्करोगाला आळा बसतो. पण गाठ एकदा तयार झाली की हीच सोय कर्कपेशीच्या पथ्यावर पडते. केमोचा मारा असो की रक्तपुरवठ्याची टंचाई, ती घरातलंच लाकूड जाळून चूल चालू ठेवते. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रातल्या संशोधकांनी २००८ साली हे उंदरांत दाखवलं. अंडाशयाच्या कर्कपेशींत डायरास-३ हे जनुक चालू केलं, तेव्हा ऑटोफॅजी वाढली आणि गाठी मेल्या नाहीत, नुसत्या झोपी गेल्या. जनुक बंद करताच त्या पुन्हा वाढल्या. झोपेच्या काळात क्लोरोक्विन देऊन ऑटोफॅजी अडवली, तर ही वाढ बरीच कमी झाली. म्हणजे आजार झाल्यावर संशोधकांची धडपड ऑटोफॅजी थांबवण्याची आहे. नातेवाईकांचा सल्ला नेमका उलटा आहे.

निर्जळीचा धोका वेगळाच आणि ताबडतोबीचा. कार्बोप्लॅटिनचा डोस मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेवरून काढतात. शरीरात पाणी कमी पडून ती क्षमता घसरली, तर तोच डोस जास्त होतो आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कोसळतात. शिवाय या आजारात पोटात साठणारं पाणी काढावं लागत असेल, तर प्रत्येक वेळी त्याबरोबर प्रथिनंही जातात. ५० किलो वजनाच्या बाईला या काळात रोज साधारण ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात (मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा). साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट, खिचडीत प्रथिनं असतात ती दाण्याच्या कुटात. एका अंड्यात ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास. आईंची एकादशी मोडवत नसेल, तर निदान दूध, दही, पनीर, दाणे आणि भरपूर पाणी चालू द्या.

प्रश्न : साखर आणि भात बंद केला तर? (वाचक, नाशिक)

उत्तर : कर्कपेशी ग्लुकोज अधाशासारखी ओढतात हे ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं आणि पेट स्कॅन त्याच गुणावर चालतो. पण ताटातली साखर थांबवली म्हणून रक्तातली थांबत नाही, यकृत स्नायूंची प्रथिनं मोडून ती तयार करतं. त्यातून अंडाशयाचा कर्करोग पसरतो तो बहुधा ओमेंटमवर, म्हणजे आतड्यांपुढे पदरासारख्या लोंबणाऱ्या चरबीच्या थरावर. तिथल्या चरबीच्या पेशी कर्कपेशींना मेदाम्लं पुरवतात, हे शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली सिद्ध केलं. साखर नसली तर चरबी आहेच. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा, ते वेगळ्या कारणासाठी गरजेचं आहे. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचं म्हणाल, तर स्तनाच्या कर्करोगात मधुमेह नसलेल्या ३,६०० हून अधिक बायकांवर मोठी चाचणी झाली आणि २०२२ साली निकाल आला : फायदा नाही.

प्रश्न : मग ऑटोफॅजी थांबवणारी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आपणच सुरू करावी का? संधिवाताला लोक वर्षानुवर्षं घेतात. (वाचक, पणजी)

उत्तर : कृपा करून नको. हे औषध लायसोसोममध्ये साठून तिथलं आम्ल मारतं, हे खरं. पण संधिवातात डोळ्याच्या पडद्याला जपून दर किलो वजनामागे रोज ५ मिलिग्रॅमच्या आत राहतात. कर्करोगाच्या चाचण्यांत दिवसाला १,२०० मिलिग्रॅमपर्यंत द्यावं लागलं आणि तरी गाठीतली ऑटोफॅजी प्रत्येकात सारखी थांबली नाही. हृदयाचा क्यूटी काळ (ईसीजीवर दिसणारा, प्रत्येक ठोक्यानंतर हृदय विद्युतदृष्ट्या पूर्ववत होईपर्यंतचा वेळ) यामुळे लांबतो. केमोत उलटीवर दिली जाणारी ऑन्डान्सेट्रॉनही तो लांबवते आणि उलट्यांनी पोटॅशियम घसरलेलं असतं. तिन्ही एकत्र आली तर ठोके जीवघेणे बिघडू शकतात. औषध अंगातून निघायला आठवडे लागतात, त्यामुळे थांबवून लगेच सुटका नाही. घ्यायचंच तर नोंदणीकृत चाचणीत, ईसीजीच्या देखरेखीखाली.

त्याऐवजी डॉक्टरांना एक नक्की विचारा : बीआरसीए (डीएनए दुरुस्त करणारी जनुकं) तपासणी झाली का? बीआरसीए दोष असलेल्या, पहिल्या केमोला प्रतिसाद दिलेल्या रुग्णांना ओलापॅरिब ही गोळी (३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, २ वर्षं) दिल्यावर ७ वर्षांनी ६७ टक्के हयात होत्या. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ४६.५ टक्के होतं.

प्रश्न : एम.एस्सी. प्रकल्पात औषध दिल्यावर एलसी३-२ ची पट्टी गडद झाली. ऑटोफॅजी वाढली असं लिहू का? (विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : एवढ्यावर नाही. एलसी३-२ हे ऑटोफॅजीच्या पिशवीच्या पडद्याला चिकटलेलं प्रथिन, वेस्टर्न ब्लॉट चाचणीत त्याची पट्टी दिसते. पिशव्या जास्त तयार झाल्या तरी पट्टी गडद होते आणि तयार झालेल्या रिकाम्या होईनात तरी होते. तुंबलेली मोरी आणि सोडलेला नळ, पाणी दोन्हीत साचतं. चार गट ठेवा : नुसत्या पेशी, औषध, पिशव्या रिकाम्या होणं अडवणारं बॅफिलोमायसिन (१०० नॅनोमोलर, शेवटचे २ ते ४ तास) आणि दोन्ही एकत्र. एकत्र दिल्यावर पट्टी नुसत्या बॅफिलोमायसिनपेक्षा गडद आली, तरच निर्मिती वाढली म्हणा. सोबत पी६२ पाहा, हे प्रथिन ऑटोफॅजीत स्वतःच मोडलं जातं. एलसी३ प्रथिन लहान असल्याने ०.२ मायक्रॉनचा पीव्हीडीएफ पडदा घ्या आणि नमुने पुन्हा पुन्हा गोठवू नका, एलसी३-१ (पिशवीला न चिकटलेलं रूप) टिकत नाही.

पेशी एसकेओव्ही-३ असतील, तर त्या अंडाशयाच्या कर्करोगातल्या नेहमीच्या हाय-ग्रेड सीरस प्रकाराच्या चांगल्या प्रतिनिधी नाहीत. कुरामोची किंवा ओव्हीसाहो या पेशी मिळवा. आणि पेशी वाढवायच्या माध्यमाची बाटली वाचा. हाय-ग्लुकोज डीएमईएममध्ये २५ मिलिमोलर ग्लुकोज असतं, रक्तात ५ च्या आसपास. इतक्या सुकाळात वाढलेल्या पेशीवरून उपासमारीचे निष्कर्ष काढू नका.